शेजारच्या दारातली मोटार



ऊसनोंदीच्या निमित्ताने आम्ही शेती खात्याची माणसे गावोगाव हिंडतो. उसाचे बोलणे दहा मिनिटांत आटपते. मग विषय निघतो तो अमक्याने जमीन विकली, बंगला बांधला, मोटार घेतली, हाच. नसरापूर-कापूरहोळकडे हमरस्त्यामुळे आणि वेल्ह्याकडे फार्महाऊसवाल्यांमुळे जमिनीला भाव आला, तेव्हापासून हे फारच वाढले आहे.

गंमत अशी, की टाटा-बिर्लांची श्रीमंती कोणाला डाचत नाही. डाचते ती भावकीतली, बांधाला बांध लागलेल्याची. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने 1954 साली हेच मांडले, की माणूस स्वतःला जोखतो तो आपल्यासारख्याशीच.

हॉलंडात पोस्टाच्या पिन कोडवर लॉटरी निघते. त्या गल्लीतल्या तिकीटवाल्यांना रोख पैसे मिळतात, एकाला मोटारही. अर्थशास्त्रज्ञांनी तिथे चौकशी करून 2011 मध्ये निष्कर्ष छापले. सहा महिन्यांनंतर बक्षीसवाले इतरांहून जास्त सुखी आढळले नाहीत. पण ज्यांनी तिकीटच काढले नव्हते, अशा त्यांच्या शेजाऱ्यांत मोटारी घेण्याचे प्रमाण वाढले होते. आता बोला!

आपल्याकडे अशी मोटार उसाच्या बिलावर येते. हप्ता भरता भरता खोडव्याचा खताचा डोस चुकतो, टनेज घसरते आणि पुढच्या वर्षी रस्त्याकडेचा तुकडा विकायचे बोलणे घरात सुरू होते.

दुसरी तुलना बारामती-माळशिरसच्या उसाशी. भाटघर धरण 1928 मध्ये पुरे झाले. भिंत आपल्या भोर तालुक्यात, पाणी मात्र नीरेच्या कालव्यांनी खाली जाते. हे शल्य खरे आहे. पाण्यासाठी जरूर भांडावे. पण तिकडच्या सपाट काळ्या रानाचा एकरी आकडा आपल्या मुरमाड रानाला लावून झुरत बसणे, हा हिशेबच चुकीचा.

ज्याचे रान आपल्यासारखे, पाणी आपल्याइतके आणि तरी टनेज जास्त, त्याच्या बांधावर मात्र अवश्य जावे. बेणे कोणते, लागण कधीची, पाचट जाळले की कुजवले, हे विचारावे. तिथे लाज कसली? आणि मागच्या तीन हंगामांच्या वजनपावत्या जपून ठेवल्या असतील तर घेऊन या. एकरी आकडा आम्ही काढून देऊ.

— ऊस विकास अधिकारी