प्लँटचा भाव

जळकोटचा शेतकरी सोयाबीन विकायला काढताना आधी ‘प्लँटचा भाव’ विचारतो. माल उदगीरला न्या की लातूरला, सौद्याची बोली तेल काढणाऱ्या कारखान्याने त्या दिवशी काढलेल्या दरामागेच चालते. क्विंटलभर दाण्यातून तेल निघतं जेमतेम १८ किलो, बाकी बहुतेक पेंड. म्हणून पेंडेला गिऱ्हाईक किती, हा खरा प्रश्न.

२०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीनचा दर क्विंटलमागे दहा हजारांपलीकडे गेला, तेव्हा येत्या हंगामाचा हमीभाव होता ३,९५०. पण तोवर बहुतेकांचा माल विकून झाला होता. थोड्या पोत्यांमागे कारखानदार धावत होते, कोंबडीखाद्यवाले ओरडत होते. ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन पेंड आयातीला परवानगी दिली, मागोमाग नवा माल आला आणि दर जवळपास निम्म्यावर उतरला. शेतकऱ्यांनी माल रोखला, तसा नोव्हेंबरात पुन्हा वर चढला. डिसेंबरात बाजार नियामक सेबीने सोयाबीनचे वायदे व्यवहारच बंद केले. ते असते तर भाव वाढलाच असता असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या महिन्यांसाठी कोण किती द्यायला तयार आहे, हे दिसायचं थांबलं.

आडतीत ढिगापाशी उभं राहिलं की गिऱ्हाइकाचं हे गणित कळतं. खरेदीदार मूठभर दाणे उचलतो, एखादा दाताखाली फोडून ओल बघतो, माती-काडी चाळवतो. बोलीत दोघं खरेदीदार शेवटपर्यंत टिकले तर पन्नास-शंभर सहज चढतात. एकच उरला, तर आडत्या कितीही पुकारो, आकडा हलत नाही.

२०२२ चा माल अनेकांनी त्याच दहा हजारांच्या आशेने घरात ठेवला. पुढच्या उन्हाळ्यात तो पाच हजारांच्या आसपास द्यावा लागला. सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरचं आयातशुल्क वाढलं, तेल महागलं, तरी सोयाबीन चार हजारांच्या आसपासच रेंगाळलं. मका-तांदळाच्या इथेनॉलमधून निघणारा स्वस्त चोथा पशुखाद्यात शिरला होता, पेंडेचं गिऱ्हाईक तिकडे वळलं होतं. तेलाने दिलं ते पेंडेने काढून घेतलं.

राहिला एक मोठा खरेदीदार, सरकार. २०२४ मध्ये त्याची हमीभावाची बोली ४,८९२ ची होती, पण ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा होता. ती अट १५ टक्क्यांवर आली नोव्हेंबरच्या मध्यावर. दिवाळी तोवर होऊन गेली होती. ज्याला नड होती, त्याने माल केव्हाच आडतीत टाकला होता.