‘वार्ता’ म्हणजे गोष्ट की बातमी? सावलीतील एका शालेय भित्तिपत्रकाविषयी

गुजराती माध्यमाच्या शाळांत ‘इतर प्रवृत्ती’ हा शब्द रोजच्या वापरातला आहे. वक्तृत्व, निबंध, चित्रकला, खेळ, प्रवास, आनंदमेळा हे सारे त्यात येते. मराठी वाचक मात्र तिथे जरासा थबकतो. मराठीत प्रवृत्ती म्हणजे मनाचा कल, आणि गुजरातीत प्रवृत्ती म्हणजे उपक्रम. बडोद्याकडच्या मराठी घरांत ‘शाळेत काय काय प्रवृत्ती चालतात?’ असे सहज विचारले जाते आणि ते कोणाला खटकतही नाही.

मी सावलीच्या एका माध्यमिक शाळेत हिंदी आणि संस्कृत शिकवते. माझे घर मराठी, शाळा गुजराती. शाळेत मराठी हा विषय नाही. तरीही माझ्या वर्गात दरवर्षी पाच-सात मुले मराठी घरांतली असतात. त्यांची मराठी टिकते की जाते, हे वेळापत्रकातल्या तासांवर फारसे ठरत नाही. ते या ‘इतर प्रवृत्तीं’वर ठरते, असे माझे मत झाले आहे. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेख.

सावली हे बडोद्याच्या उत्तरेकडचे तालुक्याचे गाव. नाव मराठी कानाला छायेचे वाटते. गुजरातीत छायेला छांयडो म्हणतात, त्यामुळे इथल्या मुलांना ही कोटी समजावून सांगावी लागते. पिलाजीराव गायकवाड १७३२ मध्ये डाकोरला मारले गेले, त्यांचे दहन सावलीत झाले. म्हणजे गावाशी मराठीचा संबंध पावणेतीनशे वर्षांहून जुना. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, आणि ११ वर्षांनी त्याच तारखेला गुजरात राज्य झाले. संस्थानी काळापासून राहिलेली काही मराठी घरे तालुक्यात अजून आहेत. मंजुसरच्या औद्योगिक वसाहतीमुळे खानदेशातून आलेली कुटुंबे ही नवी भर. जुन्या घरांतली मुले बोलतात ती मराठी गुजरातीत मुरलेली, तर नव्या घरांतल्या मुलांची मराठी अहिराणीकडे झुकणारी. दोघांनाही एकमेकांची मराठी अशुद्ध वाटते, हे ओघानेच आले.

पहिला प्रसंग असाच एका नव्या मुलीचा. जळगावहून आलेली ही मुलगी आठवीत होती. शाळेत ‘वार्ताकथन’ स्पर्धा जाहीर झाली आणि तिने उत्साहाने नाव दिले. गुजरातीत वार्ता म्हणजे गोष्ट. तिने मराठी अर्थ धरला आणि आकाशवाणीवरच्यासारखी आठवड्याची बातमीपत्रे तयार करून आणली. मुले हसली. परीक्षकांनी सांभाळून घेतले, पण त्यानंतर वर्षभर ती कुठल्याच प्रवृत्तीत उतरली नाही.

दोन्ही भाषा इतक्या जवळच्या आहेत की फरक दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या फरकालाच माणूस अडखळतो. कार्यक्रमाच्या शेवटी आपण ‘आभारप्रदर्शन’ करतो, इथे ‘आभारविधी’ होतो. आपला ‘परिपाठ’ इथे ‘प्रार्थना संमेलन’. आपण निवडणूक घेतो, इथे चूंटणी. दिवस आपण साजरा करतो, इथे त्याची उजवणी होते. मराठीत उजवायचे ते व्रत. शाळेच्या मंडळात अशा शब्दांची रोज देवघेव चालते, कारण तिथे मुले पुस्तकातले न बोलता आपले आपण बोलतात.

विद्यार्थ्यांची मंडळे आणि या दोन भाषा यांचे नाते जुने आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत १८४८ मध्ये विद्यार्थ्यांची स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी निघाली. तिचे कामकाज इंग्रजीत चाले. पण मराठी आणि गुजराती बोलणाऱ्यांसाठी तिने ज्ञानप्रसारक सभेच्या दोन वेगळ्या शाखा काढल्या. मराठी शाखेच्या अध्यक्षपदी दादोबा पांडुरंग होते. याच तरुणांनी पुढच्या वर्षी मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि स्वतः फुकट शिकवले. दादाभाई नौरोजी त्यांत होते. त्या वातावरणात वाढलेल्या नर्मद या विद्यार्थ्याने अठराव्या वर्षाच्या आसपास जो निबंध लिहिला, त्याचा विषयच होता मंडळी मिळून काम केल्याने होणारे लाभ. गुजराती गद्याच्या इतिहासात त्या निबंधाला आरंभीचे स्थान आहे. नर्मदची जयंती, २४ ऑगस्ट, आता गुजराती भाषादिन म्हणून पाळली जाते. आपला मराठी भाषा गौरव दिन कुसुमाग्रजांच्या जयंतीचा, २७ फेब्रुवारीचा. हे दोन दिवस आमच्या भित्तिपत्रकाचे वर्षातले मोठे अंक.

भित्तिपत्रक सुरू झाले ते त्या बातमीपत्रवाल्या मुलीमुळे. पंधरवड्याला एक मोठा ड्रॉइंग पेपर, त्यावर चार रकाने: दोन गुजराती, एक हिंदी, एक मराठी. खर्च कागद, गोंद आणि स्केचपेनांचा. नाव काय ठेवायचे यावर बराच वाद झाला. शेवटी मुलांनीच ‘भिंत’ हे नाव सुचवले, कारण तो शब्द दोन्ही भाषांत एकच. संपादक मंडळात चार मुले, त्यांतले किमान दोघे गुजराती घरांतले. नियम एकच केला: शनिवारच्या प्रार्थना संमेलनात मजकूर वाचायचा तो लिहिणाऱ्याने नव्हे, दुसऱ्या भाषेच्या मुलाने.

या नियमाचा फायदा मला आधी कळला नव्हता. हिंदीच्या तासामुळे गुजराती मुलाला देवनागरी वाचता येते, ‘ळ’ तर त्याच्या भाषेतही आहे. तेव्हा मराठी मजकूर तो पहिल्या दिवसापासून वाचू शकतो. अडतो तो ‘च’ आणि ‘ज’पाशी. ‘चहा’तला च आणि ‘चमचा’तला च लिहायला एक, म्हणायला दोन. हे लिपी सांगत नाही, मराठी मूल सांगते. वर्गात ज्याला गुजराती शुद्धलेखनासाठी रोज बोलणी बसतात, तो शुक्रवारी मधल्या सुट्टीत दुसऱ्याला ‘चमचा’ म्हणायला शिकवतो. घरी बोलायची भाषा शाळेत लपवायची असते, असे मानणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे.

माझी चूक झाली ती पिलाजीरावांच्या अंकात. जुन्या मराठी घरातला नववीतला एक मुलगा. त्याने आजीला विचारून हौसेने मजकूर लिहिला. त्यात वाक्य होते: ‘त्यांना डाकोरला मारले आणि सावलीला आणून बाळले.’ गुजरातीत बाळवुं म्हणजे जाळणे. मी लाल पेन घेतले आणि ‘बाळले’वर काट मारून ‘जाळले’ लिहिले. कागद तसाच लाल खुणांसह भिंतीवर लागला. त्या मुलाने पुढचे दोन महिने एक ओळ लिहिली नाही. एक दिवस त्याची आजी शाळेत आली. म्हणाली, ‘बेन, आमच्या घरी सगळे असेच बोलतात. मग आम्ही काय चुकीचे बोलत आलो का इतकी वर्षे?’ त्यांनी मला ‘बाई’ न म्हणता ‘बेन’ म्हटले, तेही मराठी बोलताना. मला उत्तर सुचले नाही.

प्रमाण मराठी शिकवू नये असे माझे म्हणणे नाही. ही मुले उद्या मराठी पुस्तक उघडतील तेव्हा त्यांना ‘जाळले’च भेटणार आहे. पण भित्तिपत्रक म्हणजे उत्तरपत्रिका नव्हे. त्या दिवसापासून भिंतीवरच्या कागदाला लाल पेन लागलेले नाही. मजकूर लिहिणाऱ्याचा राहतो. खाली एक अरुंद ‘शब्दपट्टी’ असते, तिच्यात लिहिणारा स्वतःच देतो: घरी बाळणे, पुस्तकात जाळणे, घरी फावणे, पुस्तकात जमणे, गुजराती वार्ता, मराठी गोष्ट. तो मुलगा परत आला तो या पट्टीसाठी. आजीकडून शब्द गोळा करून आणायचा, कधी कधी पंधरवड्याला वीस. अर्धे गुजराती असायचे, काही मलाही ठाऊक नसलेले जुने मराठी. वाद झाला की आम्ही कोश काढायचो, आणि दोन-तीन वेळा आजीच बरोबर निघाली.

यात अडचणी नाहीत असे नाही. दहावीची मुले दिवाळीनंतर गळतात, पालकांनाही तेच हवे असते. गुणपत्रिकेत याची नोंद नाही. काही वर्षी मराठी रकान्याला एकच लेखक असतो आणि तो आजारी पडला तर जागा चित्राने भरावी लागते.

यंदा नवा प्रश्न आला आहे. वसाहतीतल्या कारखान्यांमुळे बिहार आणि ओडिशातली मुले वर्गात आली आहेत. सातवीतल्या एका मुलीने जुलैमध्ये विचारले, ‘बेन, भोजपुरीत लिहिले तर कोण वाचेल?’ संपादक मंडळातल्या मराठी मुलाने लगेच सांगितले, देवनागरी आहे, मी वाचतो. उडियाची लिपी मात्र आमच्यापैकी कोणालाच येत नाही. कागदावर चारच रकाने मावतात, म्हणून सध्या दोन कागद जोडून पाहत आहोत.