वही मिटली, टॅब उघडला!

सीन असा आहे. कोथरूडमधल्या एका सोसायटीचा गणपती. पार्किंगमध्ये मांडव, समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर शंभरेक पब्लिक आणि कीबोर्डवर अस्मादिक. पहिला अंतरा संपून म्युझिक सुरू होतंय, तेवढ्यात कोपऱ्यातल्या पेडेस्टल फॅनची मान आमच्याकडे वळते. फर्रर्र! स्टँडवरच्या वहीची पाच पानं एकदम उलटतात. डावा हात कॉर्डवर, उजवा हात वहीवर आणि गाणं कुठेच नाही! स्टेजवर कधी ना कधी वाजवलेल्या प्रत्येकाकडे असा एक तरी किस्सा असतोच. आमच्या बॅगेत केबल विसरली तर चालायची, पण कपडे वाळत घालायचे चिमटे विसरून चालायचे नाहीत.

आमचा ग्रुप वीकेंडवाला. दोघं हिंजवडीत कोड लिहितात, एक बँकेत, तबल्यावर सीए, मी फ्रीलान्स पत्रकार आणि गायला एक रिटायर्ड काका, ज्यांच्याशिवाय आमचं पान हलत नाही. गणपती, कोजागरी, कुणाची तरी साठी... असे वर्षाला दहा-बारा प्रोग्रॅम. फॅन प्रकरणानंतर मी ठरवलं, आता बास! वही रिटायर, टॅब भरती.

आणि टॅब घेतल्यावर कळलं, की आपण काही फार मोठा तीर मारलेला नाही. अमेरिकन गायक-पियानिस्ट हॅरी कॉनिक ज्युनिअरने आपल्या बिग बँडच्या स्टँडवर कागदाऐवजी स्क्रीन आणले आणि त्या सिस्टिमचं पेटंटही २००२ मध्ये खिशात घातलं. २०१० मध्ये आयपॅड आला, त्याच वर्षी ‘फोरस्कोअर’ हे अॅप आलं. २०१२ मध्ये ब्रसेल्स फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राने तर स्टँडवरचा कागद काढून थेट टॅब ठेवून दाखवले. आज अँड्रॉइडवर ‘मोबाइलशीट्स’सारखी अॅप्स आहेत. फंडा सगळ्यांचा साधारण सारखाच. नोटेशनची पीडीएफ टाका, प्रोग्रॅमच्या क्रमाने यादी लावा, बोटाने किंवा स्टायलसने खुणा करा आणि पायाखाली ब्लूटूथचं पेडल ठेवा. उजवं बटण दाबलं की पुढचं पान, डावं दाबलं की मागचं. हात वाद्यावरच!

सगळ्यात भारी फीचर म्हणजे अर्धं पान उलटणं. तुम्ही खालच्या ओळी वाजवत असता, तोवर वरच्या अर्ध्या भागात पुढचं पान आलेलं असतं. त्यामुळे पान नेमकं कुठल्या मात्रेला उलटायचं, हे टेन्शनच उरत नाही. कागदाला हे जन्मात जमलं नसतं.

सा आपला, स्क्रीन त्यांची

पण ही अॅप्स मुळात पाच रेघांवर वाचणाऱ्यांसाठी जन्माला आलेली. आपल्याकडची गोष्ट वेगळी. शास्त्रीय मैफलीत वाचून गाण्याचा प्रश्नच येत नाही. बंदिश चार ओळींची, पुढचं सगळं तिथल्या तिथे सुचणार. स्क्रीनवर ठेवणार काय? तिथे गायकाशेजारी मोबाइल दिसला, तर तो बहुतेक तानपुऱ्याच्या अॅपसाठी. टॅबची खरी गरज आमच्यासारख्यांना. म्हणजे भावगीतं, नाट्यपदं, जुनी हिंदी गाणी, ज्यांत इंट्रोपासून शेवटच्या तुकड्यापर्यंत सगळं ठरलेलं असतं आणि चार बार इकडचे तिकडे झाले की समोरचा पुणेकर लगेच ओळखतो. (आणि मध्यंतरात येऊन सांगतोही!)

तसं पुण्याला नोटेशन नवीन नाही. पूना गायन समाज इथे १८७४ मध्ये सुरू झाला. पुढे पं. भातखंडे यांनी सहा भागांच्या क्रमिक पुस्तकमालिकेत शेकडो बंदिशी स्वरलिपीत बसवल्या, त्याही मराठीत. दुसरीकडे पं. विष्णू दिगंबर पलुस्करांची स्वतःची लिपी. त्यांचे शिष्य विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं, त्यामुळे शहरात दोन्ही लिप्या नांदल्या. गंमत बघा, भातखंडे पद्धतीत स्वरावर टिंब म्हणजे तार सप्तक आणि पलुस्कर पद्धतीत स्वरावर टिंब म्हणजे मंद्र! पान कुठल्या पद्धतीचं हे न बघता वाजवलं, तर तळघरातला स्वर थेट गच्चीवर.

टॅबवर ही टिंबंच जास्त छळतात. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. साध्या टायपिंगमध्ये हे सगळं नीट बसत नाही. त्यात घरातली जुनी फाइल युनिकोडच्या आधीच्या एखाद्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल, तर टॅबवर ती उघडल्यावर जे दिसतं, ते वाजवण्याच्या लायकीचं नसतं. उपाय सोपा आहे. कॉम्प्युटरवरच पीडीएफ करा, फॉन्ट त्यात एम्बेड करा. नाहीतर सरळ हाताने लिहा आणि मोबाइलने स्कॅन करा. मी दुसरा मार्ग धरला आणि अजून पस्तावले नाहीये.

आपल्या लिपीचा एक फायदा मात्र मला टॅब आल्यावरच कळला. काकांचा घसा बसला की ते ऐन वेळी म्हणतात, “आज काळी दोन नको, पांढरी दोन घे.” माझे कॉर्ड्स इंग्रजी अक्षरांत. म्हणजे सगळेच्या सगळे अर्धा स्वर खाली. कॉर्ड टेक्स्टमध्ये असतील तर अॅप चुटकीसरशी बदलून देतं, पण पीडीएफ म्हणजे शेवटी फोटोच, त्यातलं काहीच बदलत नाही. काकांच्या वहीत सरगम! त्यांचा सा कुठेही ठेवा, वही जशीच्या तशी चालते. शंभर वर्षांपूर्वीचा हा ट्रान्सपोज फीचर, तोही बॅटरीशिवाय.

आणि मावशीचा फोन आला

तर सहा महिने सगळं झक्कास चाललं होतं. मग एका कोजागरीला, ऐन अंतऱ्यात, स्क्रीनवर मावशी अवतरली. व्हिडिओ कॉल! नोटेशन गायब, त्या जागी मावशीचा डीपी. घाईत मी कुठेतरी बोट मारलं आणि अॅप थेट गाण्यांच्या यादीवर. गाणं शोधायला सर्चवर टॅप केलं, तर स्क्रीनवरचा कीबोर्डच उगवेना. कारण? पेडल. टॅबच्या दृष्टीने पेडल हाच एक कीबोर्ड, मग दुसरा कशाला दाखवायचा!

इथपर्यंत सगळं विनोदी होतं. पुढचं नव्हतं. ते गाणं मी त्याआधी चाळीस वेळा तरी वाजवलं असेल. पण हात कीबोर्डवर ठेवले आणि पुढचा कॉर्डच आठवेना. शेवटी दोन्ही हात उचलून नुसती बसून राहिले. काकांनी शांतपणे मुखडा तीनदा फिरवला, तबला सांभाळत राहिला, मला सापडायला वेळ मिळाला, पब्लिकला वाटलं मुद्दामच केलं. पण मला माहीत होतं ना. वही होती तेव्हा पान उलटायच्या धास्तीने का होईना, शेवटच्या चार ओळी मी पाठ करून ठेवायचे. पेडल आल्यावर तेवढीही गरज उरली नाही. सहा महिन्यांत मी एकही गाणं शिकले नव्हते, फक्त वाचत होते.

घरी जाऊन मी टॅब विकायला काढला नाही. सेटिंग्ज बदलली. आता स्टेजवर चढायच्या आधी एअरप्लेन मोड लावते, मग ब्लूटूथ परत सुरू करते, नाहीतर पेडल मरतं. ऑटो-लॉक बंद, स्क्रीन फिरणं बंद, फाइल्स सगळ्या टॅबवरच, कारण मांडवातल्या नेटवर्कवर कोण विश्वास ठेवणार? ब्राइटनेस कमी, नाहीतर अंधाऱ्या हॉलमध्ये चेहरा भुतासारखा निळा दिसतो. दुपारच्या उन्हातला कार्यक्रम असेल तर मात्र टॅब तापून कधीही मान टाकू शकतो, तिथे चिमटे आणि कागदच. आणि घेणार असाल तर साइज बघून घ्या. ए-फोर कागद कोपऱ्यातून कोपऱ्यात मोजला तर सव्वाचौदा इंच भरतो. दहा इंची टॅबवर तेच पान बघताना डोळे बारीक करावे लागतात.

सगळ्यात मोठा बदल सेटिंग्जमध्ये नाही. प्रत्येक प्रोग्रॅमच्या आधीची एक रिहर्सल आता आम्ही टॅब बंद ठेवून करतो. पहिली रिहर्सल भयानक झाली. दुसरी जरा बरी.

काका या सगळ्या प्रकाराकडे लांबूनच बघत होते. मग एका रविवारी स्वतःची वही घेऊन आले. निळ्या शाईत शब्द, लाल शाईत सरगम, कडेला तेलाचे डाग. म्हणाले, “ही घालशील का त्यात? डोळ्यांना मोठं दिसेल.” मी उत्साहात म्हटलं, “काका, सगळं स्वच्छ टाइप करून देते!” तर पटकन म्हणाले, “नको नको. ही काट दिसली पाहिजे मला. इथे मी कायम चुकतो.”

दोन संध्याकाळी बसून पानं स्कॅन केली, काट्याकुट्यांसकट, डागांसकट. पुढच्याच कार्यक्रमात काकांसमोर स्टँडवर टॅब होता. पेडल त्यांना नको होतं. पहिलं पान संपलं, काकांनी सवयीने बोट जिभेला लावलं आणि स्क्रीनवरून फिरवलं. आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला. पान उलटलं.