झरी गप्प का बसते

सीमीन दानेश्वर यांची 'सवूशून' ही कादंबरी शिराझमध्ये, हाकिमाच्या मुलीच्या लग्नात सुरू होते. काळ दुसऱ्या महायुद्धाचा. दक्षिण इराणात इंग्रजांच्या फौजा उतरल्या आहेत, लोकांना धान्य मिळेनासं झालंय, आणि लग्नघरात बेकरीवाल्यांनी नजराणा म्हणून भाजलेली एक भलीमोठी रोटी मांडून ठेवली आहे. ती पाहून यूसुफ भडकतो. कुणी ऐकेल म्हणून त्याची बायको झरी त्याला हळू बोलायला विनवते. पुढे नवरीला घालायला झरीच्या कानातली पाचूची कर्णफुलं मागितली जातात, तेवढ्या रात्रीपुरती. ती परत येणार नाहीत हे तिला मनोमन ठाऊक आहे. तरी ती काढून देते.

फारसी कादंबरीतल्या बायकांची घालमेल वाचायची ती अशा ठिकाणी. मनात काय चाललंय ते लेखिका सहसा सांगत नाही. हात काय करतात ते दाखवते. पुढे यूसुफ बाहेरगावी असताना मुलाचा लाडका घोडाही हाकिमाच्या घरचे मागतात. झरी तोही जाऊ देते, आणि पोराला सांगितलं जातं की घोडा मेला. कर्णफुलांच्या वेळी ती फक्त गप्प बसली होती. घोड्याच्या वेळी तिला खोट्याला साथ द्यावी लागते. चिंता वाढते ती अशी, पायरीपायरीने, प्रत्येक वेळी घर वाचवण्याच्या नावाखाली.

हे समजून घ्यायला कॅरेन हॉर्नी (1885–1952) या मनोविश्लेषकाची मांडणी कामी येते. आपण एकटे आहोत, दुबळे आहोत आणि भोवतालचं जग आपल्यावर टपलेलं आहे, ही लहानपणी मुरलेली भावना म्हणजे तिच्या मते मूलभूत चिंता. या चिंतेपासून सुटायला माणूस तीनपैकी एक वाट धरतो: लोकांना धरून राहतो, त्यांच्याशी भांडतो किंवा त्यांच्यापासून लांब जातो. झरी पहिल्या वाटेवरची. सगळ्यांचं मन राखलं की संकट टळेल, असा तिचा हिशेब आहे.

पण ही चावी इथे पूर्ण फिरत नाही, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. झरीच्या भीतीला कारण आहे. फौजेला धान्य विकायला नकार देणाऱ्या यूसुफचा शेवटी खरोखरच खून होतो. हॉर्नीनेही संस्कृतीचा वाटा मान्य केला होता, तरी तिच्यासमोर बसलेला माणूस रुग्ण होता. झरीला रुग्ण ठरवलं की हाकीम आणि फौज आपोआप सुटतात. कादंबरीतले म्हातारे डॉक्टर हे ओळखून आहेत. झरीला वेड लागण्याची धास्ती वाटते तेव्हा ते सांगतात की तुला भीतीचा रोग आहे, आणि तो पुष्कळांना आहे. नवऱ्याच्या मृत्यूनंतर झरी गप्प राहणं सोडते. अंत्ययात्रा निघावी यासाठी ती उभी राहते. 'सवूशून' 1969 साली आली. इराणी स्त्रीने लिहिलेली पहिली महत्त्वाची कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात.

झोया पीरझाद यांच्या 2001 सालच्या कादंबरीचं नाव मराठीत 'दिवे मीच मालवते' असं होईल. तिच्यात खून नाही की फौज नाही. 1960च्या दशकातलं आबादान, तेल कंपनीची वसाहत, आणि क्लारीस ही आर्मेनियन गृहिणी. पहिल्याच पानावर शाळेच्या बसचा ब्रेक वाजतो, फाटक करकरतं, अंगणात पावलं धावतात. क्लारीसला घड्याळ बघावं लागत नाही, सव्वाचार झालेले असतात. सगळ्या घराची वेळ तिच्या कानात आहे. मुलं, नवरा, आई, बहीण, नवे शेजारी, सगळ्यांचं ती करते, आणि तिला काय हवंय हे कुणी विचारत नाही. तिच्या डोक्यात दोन आवाज सतत वाद घालतात, एक प्रत्येकाची बाजू घेणारा आणि दुसरा दोष काढणारा. चहा ओतता ओतता, पोरांचं खाणं काढता काढता हा वाद चालतो. पीरझाद वाक्यं इतकी साधी ठेवतात की वाचताना आपल्यालाही आधी फक्त स्वयंपाकघरच दिसतं. क्लारीसचा त्रास बऱ्याच उशिरा लक्षात येतो, आणि तेव्हा वाचक म्हणून थोडं अपराधी वाटतं.

फरीबा वफी यांच्या 'परंदे-ये मन' (2002) या कादंबरीतली बाई आपलं नावही सांगत नाही. नवऱ्याला घर विकून कॅनडाला जायचंय, तिला नुकतं मिळालेलं छोटं घर सोडवत नाही. प्रकरणं आखूड, काही तर पान-दोन पानांची. बोलणं अर्ध्यात थांबतं आणि बालपणीच्या घरातलं अंधारं तळघर मध्येच वर येतं. हॉर्नीची तिसरी, लोकांपासून लांब जाण्याची वाट ती हीच.

हे सारं आडून का येतं, याला एक व्यावहारिक कारणही आहे. क्रांतीनंतरच्या इराणमध्ये पुस्तक छापायला संस्कृती आणि इस्लामी मार्गदर्शन मंत्रालयाची परवानगी लागते. स्त्रीच्या शरीराबद्दल आणि इच्छेबद्दल उघड लिहिणाऱ्या शहरनूश पारसीपूर यांना 'झनान बेदून-ए मर्दान' या पुस्तकापायी तुरुंगात जावं लागलं. जे थेट लिहिता येत नाही ते मग स्वयंपाकघरात, तळघरात उतरतं.

महसा मोहेबअली यांच्या 2008 सालच्या 'नेगरान नबाश' या कादंबरीत, म्हणजे 'काळजी करू नकोस'मध्ये, घर मागेच पडतं. तेहरानला भूकंपाचे धक्के बसताहेत, लोक सामान बांधून पळताहेत, आणि अफूच्या आहारी गेलेली शादी पुढची मात्रा शोधत रस्त्यांवर फिरते. अख्खं शहर घाबरलेलं असताना तिला वेगळं घाबरावं लागत नाही. झरीसारखं कुणाला जपायचं नाही, क्लारीससारखं कुणाचं करायचं नाही. तिच्या डोक्यात एकच काम आहे, आणि मात्रा मिळेपर्यंत तिला बाकी कशाचाच विचार करावा लागत नाही.