लहान इंजिन, मोठा दम
(टर्बो असलेल्या पेट्रोल मोटारीची ओळख आणि निगा)

मंडळी, नागपूरहून हैदराबादला जाणारा हमरस्ता आपल्या पांढरकवड्याजवळून जातो. पूर्वी त्याचा क्रमांक ७ होता, आता ४४ आहे. या रस्त्यावर रात्रंदिवस गाड्या धावतात. पुष्कळ गाड्यांच्या पाठीवर एक शब्द लिहिलेला असतो : टर्बो. आमच्या रात्रीच्या वर्गातील एका गड्याने तो शब्द अक्षरे जुळवून वाचला आणि विचारले, "गुरुजी, हा टर्बो म्हंजे काय हाय? ट्रकला असते थे ठाऊक हाय. पन आता लहान मोटारीलेही काहून लावतात?"

प्रश्न चांगला होता. आपल्या तालुक्यात कर्ज काढून मोटार घेणारे आणि ती भाड्याने चालवणारे पुष्कळ आहेत. ज्या यंत्रावर घरची भाकरी अवलंबून आहे, ते यंत्र थोडे तरी समजलेले बरे. म्हणून आज त्याचीच माहिती घेऊ.

टर्बो म्हणजे काय?

चूल पेटवताना आपण फुंकणीने फुंकतो. का बरे? लाकडाला वारा मिळाला की जाळ वाढतो. लोहार भाता हलवतो तोही यासाठीच. मोटारीच्या इंजिनातही जाळच असतो. इंजिनात नळकांडी असतात. त्यांना सिलिंडर म्हणतात. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण येते, दट्ट्या ते दाबतो, ठिणगी पडते, भडका होतो आणि दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. शेवटी जळालेला धूर बाहेर जातो. ओढणे, दाबणे, पेटणे आणि फेकणे अशी ही चार कामे पुनःपुन्हा चालतात.

जास्त जोर हवा असेल तर जास्त पेट्रोल जाळावे लागते. पण नुसते पेट्रोल ओतून भागत नाही, त्या मानाने हवाही लागते. साधे इंजिन आपल्या ताकदीने जेवढी हवा ओढील तेवढीच त्याला मिळते. टर्बो हा इंजिनाचा भाता आहे. तो हवा दाबून आत कोंबतो.

हा भाता हलवतो कोण? बाहेर जाणारा धूरच! टर्बोत एकाच दांड्यावर दोन लहान चक्रे असतात. एक चक्र धुराच्या वाटेत असते. गरम धूर त्यावर आदळतो आणि ते फिरते. दांडा एकच असल्यामुळे दुसरे चक्रही फिरते आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात पाठवते. जो जोर धुराबरोबर वाया जात होता, तोच कामाला लावला.

हवा दाबली की ती तापते. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंप गरम होतो, हे आपण हाताने अनुभवले आहे. तापलेली हवा फुगते, मग ती कमी मावते. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये एक जाळी बसवतात. तिला इंटरकूलर म्हणतात. ती हवा गार करते. दाब फार वाढू नये म्हणून धुराच्या वाटेत एक लहान झडप असते. ती जास्तीचा धूर चक्राला न लावता बाजूने सोडून देते.

ही युक्ती नवी नाही. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअराने १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे ती जहाजे, विमाने आणि ट्रक यांत आली. साध्या मोटारीत ती प्रथम १९६२ मध्ये अमेरिकेत आली. त्यांतल्या ओल्ड्समोबिल जेटफायर या गाडीत टर्बोसाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण एका टाकीत भरावे लागे. पुष्कळ मालक ते भरण्यास विसरत. टाकी रिकामी झाली की गाडीचा जोर कमी होई. अखेर अनेक गाड्यांचा टर्बो काढून टाकावा लागला. यंत्र हुशार होते, पण निगा राहिली नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामी येईल.

आपल्याकडची इंजिने

आता आपल्या महाराष्ट्रातच अशा गाड्या तयार होतात. पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या कारखान्यात होणारी टाटांची नेक्सॉन २०१७ मध्ये बाजारात आली. तिचे पेट्रोल इंजिन सुमारे १२०० घनसेंटिमीटरचे, तीन सिलिंडरचे होते. चाकणला होणारी स्कोडाची कुशाक २०२१ मध्ये आली. तिचे लहान इंजिन ९९९ घनसेंटिमीटरचे, तेही तीन सिलिंडरचे. नाशिकला महिंद्रांची एक्सयूव्ही ३०० ही गाडी २०१९ पासून टर्बो पेट्रोल इंजिनासह निघू लागली.

घनसेंटिमीटर म्हणजे सिलिंडरांची एकूण पोकळी. १००० घनसेंटिमीटर म्हणजे एक लिटर. पाण्याच्या एका बाटलीएवढी जागा! आता दोन आकडे पाहू. २०२१ च्या मारुती स्विफ्टचे बिनटर्बोचे इंजिन ११९७ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरचे. त्याची शक्ती ९० अश्वशक्ती आणि ओढ ११३ न्यूटन-मीटर. कुशाकचे इंजिन त्याहून लहान, पण शक्ती ११५ अश्वशक्ती आणि ओढ १७८ न्यूटन-मीटर.

शक्ती आणि ओढ यांत फरक काय? भरलेली बंडी चिखलातून हिसका देऊन बाहेर काढणे ही बैलाची ओढ. तीच बंडी किती झपाट्याने पुढे न्यायची ही शक्ती. स्विफ्टच्या त्या इंजिनाला पुरी ओढ मिनिटाला ४४०० फेऱ्यांवर मिळते. टर्बोच्या इंजिनाला ती १७५० फेऱ्यांवरच मिळू लागते. म्हणून चढावर आणि पुढच्या ट्रकच्या बाजूने निघताना टर्बोची गाडी हलकी वाटते. मात्र अगदी कमी फेऱ्यांवर धूर कमी असतो, चक्र हळू फिरते. पाय दाबला तरी क्षणभर गाडी रेंगाळते आणि मग एकदम उसळते. हा दोष नव्हे, ती त्याची चालच आहे. पण ट्रकच्या बाजूने निघताना हा क्षण हिशेबात धरावा. नाही तर जिवावर बेतते.

तेल म्हणजे टर्बोचे रक्त

घरचा पंखा मिनिटाला साडेतीनशे फेरे घेतो. टर्बोचे चक्र मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेऊ शकते! धुराची आच नऊशे अंशांपर्यंत जाते. एवढ्या वेगात दांडा टिकतो कशावर? इंजिन ऑइलच्या पातळ थरावर. तो दांडा तेलावर जणू तरंगत असतो. तेल जुने झाले, जळून घट्ट झाले, कमी पडले, की दांडा घासतो. मग निळा धूर, घरघर, आणि शेवटी टर्बो निकामी.

आमच्या वर्गातील एका तरुणाची गोष्ट सांगतो. त्याने कर्ज काढून जुनी टर्बो मोटार घेतली. गावाकडचे आजारी लोक तो नागपूरला पोहोचवत असे. त्याला तेव्हा वाचता येत नव्हते. गाडीसोबत मिळालेले पुस्तक कपाटात पडून होते. कोणी तरी सांगितले, "तेल अजून चांगलं हाय, काहून पैसे घालवतं?" त्याने ऐकले. दीड वर्ष तेच तेल चालले. एका मे महिन्यात, एका बाळंतीण होणाऱ्या बाईला घेऊन जात असताना, वडकीच्या पुढे गाडीने निळा धूर सोडला आणि दम टाकला. भर उन्हात रस्त्याच्या कडेला ती बाई आणि तिची सासू बसून राहिल्या. देवाची कृपा, मागून येणाऱ्या जीपवाल्याने त्यांना नेले. आई आणि लेकरू दोघेही सुखरूप राहिले. पण टर्बो गेला, इंजिनही उघडावे लागले. कर्जाचे हप्ते तटले, गाडी तीन महिने उभी राहिली. पुस्तकात मात्र स्पष्ट लिहिले होते : अमुक किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा तेल बदला.

गाडी कमी चालली म्हणून तेल तसेच ठेवू नये. वर्ष झाले की बदलावे. पुस्तकात बहुधा दहा किंवा पंधरा हजार किलोमीटर असे लिहिलेले असते. आपल्या भागात धूळ फार आणि ऊन कडक, म्हणून त्याहून लवकर बदललेले बरे. डब्यावर '५ डब्ल्यू-३०' असे काही लिहिलेले असते. पुस्तकातला आकडा आणि डब्यावरचा आकडा ताडून पाहावा. तेलाची पट्टी पंधरा दिवसांनी सपाट जागी, इंजिन बंद करून थोड्या वेळाने तपासावी.

दूर पल्ल्याहून आल्यावर किल्ली लगेच फिरवू नये. अर्धा-एक मिनिट इंजिन हळू चालू द्यावे. एकदम बंद केले तर तापलेल्या टर्बोतले तेल तिथेच करपते, तव्यावर राहिलेल्या तेलासारखे.

दुखणी आणि त्यांच्या खुणा

गाडी ओढत नाही आणि पाय दाबला की 'सूंऽऽ' असा आवाज येतो. बहुधा हवेची रबरी नळी फाटली किंवा सुटली आहे. दाबलेली हवा वाटेतच पळते. अशा वेळी टर्बोच बदलायला कोणी सांगितले, तर आधी नळी दाखवा म्हणावे.

गाडी थरथरते आणि पिवळा दिवा लुकलुकतो. ठिणगीचा प्लग किंवा त्याची कॉइल बिघडली असण्याचा संभव असतो. तीन सिलिंडरचे इंजिन उभ्या गाडीत थोडे थरथरतेच, पण लुकलुकणारा दिवा म्हणजे इशारा. न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीत जाते आणि तिथली महागडी जाळी जाळते. गाडी बाजूला घ्यावी.

काटा गरमकडे जातो. गाडी थांबवावी. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये! उकळते पाणी तोंडावर उडते. गार झाल्यावरच पाहावे. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी भरू नये, त्याने आत क्षार साचतात. पुस्तकात सांगितलेले कूलंटच भरावे.

हवेची गाळणी कोंदली. कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या भोवती तंतू आणि धूळ उडते. भात्याचे तोंडच दाबले तर जाळ कसा होणार? गाळणी वेळोवेळी पाहावी.

वरच्या गिअरमध्ये, हळू चालत असताना, पाय जोराने दाबला तर आत 'कटकट' वाजते. मिश्रण वेळेआधी पेटते आणि दट्ट्याला मार बसतो. गिअर खाली घ्यावा, मग पाय दाबावा.

मायलेज कमी मिळते. टर्बोच्या गाडीत सारे पायावर असते. पाय दाबला की जास्त हवा आणि त्यामागे जास्त पेट्रोल. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यात पेट्रोलपेक्षा आच कमी, म्हणून मायलेज थोडे घटते. जुनी गाडी घेताना तिला हे पेट्रोल चालते का, तेही पुस्तकात पाहावे.

ध्यानात ठेवा

तेल वेळेवर. गाळणी स्वच्छ. कूलंट पुरेसे. थांबण्याआधी अर्धा मिनिट. जुनी टर्बो गाडी घेताना तेल बदलल्याच्या पावत्या मागा आणि त्यांवरच्या तारखा स्वतः वाचा.

तो तरुण आता वर्गात पहिल्या ओळीत बसतो. गाडी पुन्हा रस्त्यावर आली आहे. मागच्या महिन्यात तेल बदलायला गेला, तेव्हा त्याने डबा हातात घेतला, आकडा वाचला आणि म्हणाला, "हे नाही, दुसरं द्या. माह्या पुस्तकात येगळं लिहिलं हाय." दुकानदाराने मुकाट्याने दुसरा डबा काढला. रात्री वर्गात त्याने हे सांगितले, तेव्हा आम्हांला फार समाधान वाटले.