नकाशातील रंग आणि माणची तहान

सातारा जिल्ह्यात पाऊस किती पडतो, या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही. महाबळेश्वरी वर्षाकाठी सरासरी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; त्याच जिल्ह्यातील माण तालुक्यात तो जेमतेम ५००च्या आसपास असतो. सरासरी काढून सारा जिल्हा एकाच हिरव्या रंगाने रंगविला, तर महाबळेश्वरच्या पावसात माणची तहान बुडून जाते. आकडा खरा असतो. नकाशा मात्र दिशाभूल करतो.

वृत्तपत्रांच्या संगणकीय आवृत्त्यांत आज नकाशांची रेलचेल आहे. २००५ साली गुगलचे नकाशे उपलब्ध झाले आणि त्याच वर्षी एड्रियन होलोवाटी या पत्रकाराने शिकागो पोलिसांच्या गुन्हेनोंदी त्यांवर मांडल्या. आपल्या गल्लीत काय घडले, हे नागरिकाला स्वतः पाहता येऊ लागले. या साधनाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. छापील नकाशा सर्वांना एकच उत्तर देतो. हा नकाशा ज्याला त्याला आपल्या गावाचा प्रश्न विचारू देतो.

परंतु नकाशा जमीन रंगवितो, माणसे नव्हेत. लोकसभेच्या निकालाच्या नकाशात मुंबईचे सहा मतदारसंघ मिळून एका ठिपक्याएवढे दिसतात आणि एकटा गडचिरोली-चिमूर राज्याचा पूर्व कोपरा व्यापून बसतो. जानेवारी २०२० मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने सुरू केलेल्या कोरोनाच्या नकाशातील लाल वर्तुळे नोंदलेल्या रुग्णसंख्येनुसार वाढत. लोकसंख्येच्या प्रमाणात नव्हे. शिवाय जेथे तपासणीच कमी, तेथे वर्तुळही लहान. अज्ञान तेथे आरोग्य म्हणून मिरवू शकत होते.

या संदर्भात १८५४ सालच्या लंडनचे उदाहरण आठवते. पटकीच्या साथीत डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवतीचे मृत्यू नकाशावर दाखविले, हे सर्वश्रुत आहे. पण त्यांनी चौकशीही कसून केली होती. पंपाशेजारच्या बिअरच्या कारखान्यातील कामगार का बचावले आणि दूर राहणारी एक वृद्धा का दगावली, हेही त्यांनी शोधले. कामगार त्या पंपाचे पाणी पीत नव्हते. वृद्धा ते मुद्दाम मागवीत असे. नकाशा हा त्या पायपिटीचा सारांश होता, तिला पर्याय नव्हता.

म्हणून वृत्तपत्रांकडून काही किमान अपेक्षा ठेवणे गैर ठरू नये. आकडे कोणाचे व कोणत्या तारखेचे, ते एकूण की लोकसंख्येच्या प्रमाणात, आणि हिशेब जिल्ह्याचा की तालुक्याचा, हे नकाशावरच नमूद असावे. जेथे माहिती नाही तेथे शून्य न दाखविता जागा कोरी ठेवावी.

हा केवळ तांत्रिक काटेकोरपणाचा प्रश्न नाही. टंचाईच्या वर्षी मदत कोठे पोहोचावी, याविषयीचे लोकमत अशाच चित्रांवरून बनते. हिरव्या रंगाखाली दडलेल्या गावाची हाक कोणाच्या कानी पडणार?