ऋण हाच शब्द का? पस्तीस हजारांची उधारी आणि प्रभूची प्रार्थना

परभणीतून बोलतोय. ज्यांना इयरफोन लावून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना दोन ठिकाणी अडखळलो होतो, ते इथं सरळ केलंय. बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय उधारी. हो, पैशांचीच. मागच्या वेळी क्षमेवर बोललो, तेव्हा बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला. कोणी शिवी दिली, अपमान केला, तर माफ करता येतं. पण कोणी पैसे बुडवले तर? प्रश्न बरोबर आहे. आणि खरं सांगू का, तो मीच दोन वर्षं टाळत होतो.

झालं असं. माझा मावसभाऊ गंगाखेड तालुक्यात शेती करतो. माझ्यापेक्षा मोठा, म्हणून मी त्याला दादाच म्हणतो. जूनमध्ये पेरणी तोंडावर आली आणि बी-खताला पैसे नव्हते. मोबाईल रिपेअरिंगच्या कामातून मी वीस हजार साठवले होते, ते दिले. कमी पडत होते म्हणून आईनं बचत गटातून पंधरा हजार उचलून दिले. एकूण पस्तीस. "सोयाबीन विकलं की दसऱ्याला आणून देतो," दादा म्हणाला. काढणीच्या वेळी पाऊस आला, शेंगांना कोंब फुटले, भाव मिळाला नाही. दसरा गेला, दिवाळी गेली. मग मेसेजला निळ्या टिक यायच्या, उत्तर यायचं नाही. एका लग्नात तो मला बघून मंडपाच्या दुसऱ्या बाजूनं निघून गेला, आणि मीही हाक मारली नाही.

इकडे रविवारी आमची उपासना. पंधरा-वीस माणसं, पत्र्याची शेड. शेवटी सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतो. लहानपणापासून पाठ असलेली. त्यात रोजची भाकर मागून झाली की लगेच पुढचं मागणं येतं, आणि तिथं माझं तोंड बंद व्हायला लागलं. कारण मराठी बायबलमध्ये मत्तयाच्या सहाव्या अध्यायात तिथं शब्द आहे 'ऋण'. आम्ही आमच्या ऋणकऱ्यांचं सोडलंय, तसं तू आमचं सोड, असा त्या मागण्याचा अर्थ. आता मी कुणाचं काय सोडलं होतं? माझ्या मोबाईलच्या नोट्समध्ये तारखेसकट पस्तीस हजार लिहिलेले होते.

इंग्रजी शाळेत शिकलेले माझे काही मित्र हीच प्रार्थना इंग्रजीत म्हणतात. त्यांच्या जुन्या चालीत तिथं 'ट्रेसपासेस' येतं, म्हणजे अपराध. ते ऐकायला सोपं जातं. अपराध म्हणजे काहीतरी धुरकट, मनातलं. पण मत्तयाच्या मूळ ग्रीकमध्ये शब्द सरळ कर्जाचाच आहे. येशू ज्या अरामी भाषेत बोलायचा, तिच्यात तर पाप आणि कर्ज या दोन्हींसाठी एकच शब्द चालायचा. लूकच्या शुभवर्तमानात पहिल्या भागात 'पाप' आहे, पण दुसऱ्या भागात पुन्हा देणेकरीच आहेत. म्हणजे मराठी भाषांतरकारांनी काही वाढवून लिहिलेलं नाही. आपण मराठवाड्यातली माणसं, कर्ज या शब्दानं घरात काय होतं ते आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. कदाचित म्हणूनच आपण तो शब्द पटकन म्हणून पुढं जातो.

आता येशूनं यावर सांगितलेली गोष्ट बघा, मत्तय अठरा. पेत्र विचारतो, भावाला किती वेळा माफ करायचं? त्यावर येशू एका राजाची गोष्ट सांगतो. एका चाकराकडे राजाचं दहा हजार तालांत येणं असतं. तो पाया पडतो, मुदत मागतो. राजा मुदत देत नाही, सगळंच सोडून देतो. तोच चाकर बाहेर पडतो, त्याला दुसरा चाकर भेटतो, ज्याच्याकडे याचे शंभर दीनार असतात. हा त्याचा गळा धरतो. तोही तीच विनवणी करतो, मुदत दे, फेडतो. हा ऐकत नाही, तुरुंगात टाकतो.

मी जितकी प्रवचनं ऐकली त्यात हेच सांगायचे की बघा, केवढं मोठं कर्ज माफ झालं आणि हा चिल्लर पैशासाठी भांडला. मी एकदा कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. एक दीनार म्हणजे शेतमजुराची एका दिवसाची मजुरी. हे मत्तयाच्याच विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या गोष्टीत कळतं. एक तालांत म्हणजे साधारण 6,000 दीनार. मग दहा हजार तालांत म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी. एकही सुट्टी न घेता काम केलं तरी 1,64,000 वर्षांच्या वर. त्या काळात गालील आणि पेरिया या प्रांतांतून हेरोद अंतिपाला वर्षाला 200 तालांत मिळायचे, असं इतिहासकार जोसेफस लिहितो. म्हणजे या एका चाकरावर त्या प्रांतांचा पन्नास वर्षांचा महसूल. असं कर्ज कुणालाच नसतं. येशूनं तो आकडा मुद्दाम हास्यास्पद मोठा ठेवलाय.

पण दुसरा आकडा? शंभर दीनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. आपल्याकडे रोज चारशे रुपये धरा. चाळीस हजार झाले. हे चिल्लर आहे का? माझे पस्तीस हजार त्याच्या आसपासच होते! हे लक्षात आलं तेव्हा मला, कसं सांगू, बरं वाटलं. येशू मला म्हणत नव्हता की तुझे पैसे म्हणजे काहीच नाहीत. मजुराचे शंभर दिवस त्यानं मोजलेत. तुझं नुकसान खरं आहे, हे मान्य करूनच तो पुढचं मागतो.

पुढचं म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या पोरांना एका शब्दात कळेल: कर्जमाफी. 2017 ला झाली, 2019 च्या शेवटी महात्मा फुल्यांच्या नावानं पुन्हा झाली, दोन लाखांपर्यंत. आता विचार करा, शेतकऱ्याच्या खात्यावरचं कर्ज शून्य झालं, म्हणजे ते हवेत विरलं का? नाही. सरकारच्या तिजोरीतून बँकेला पैसे गेले. माफी कधीच फुकट नसते, ती फक्त दुसरं कुणीतरी भरतं. त्या गोष्टीतल्या राजानं चाकराला सोडलं, तेव्हा दहा हजार तालांत राजाचे गेले. वधस्तंभाबद्दल आम्ही ख्रिस्ती माणसं जे बोलतो ते याच हिशेबाचं आहे. देवानं आमच्या चुकांकडे डोळेझाक केली असं आम्ही म्हणत नाही. त्यानं स्वतः भरलं, असं म्हणतो.

आणि हातउसने कुठल्याच सरकारी यादीत बसत नाहीत. ते माफ करायचे तर मीच भरायचे.

इथं मी अडकलो, आणि सोडवलं तुकोबांनी. हसू नका. नारायण वामन टिळक हे नाव तुम्ही शाळेत ऐकलं असेल. रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशानं त्यांना नवा करार दिला. वाचता वाचता ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी थांबले, आणि ही प्रार्थना त्या प्रवचनाच्या मधोमधच आहे. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. मी हे वाक्य नुसतं कवीचं म्हणून सोडून देत होतो. पण तुकोबांची कर्जखतांची गोष्ट आठवते का? घरची सावकारी होती. दुष्काळात लोक देशोधडीला लागले. परंपरा सांगते की तुकोबांनी लोकांकडून येणं असलेली खतं इंद्रायणीत बुडवली. सगळी नाही. अर्धी धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाटणीची होती, ती त्याच्या हातात दिली. बुडवली ती स्वतःच्या वाटणीची.

हे मला फार मोठं वाटतं. दुसऱ्याच्या खिशातून उदार व्हायला काय लागतं? टिळकांच्याच हातात पैसा कसा टिकत नसे, आणि त्याची झळ घरात कुणाला बसायची, हे लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचलेल्याला माहीत आहे. (वाचलं नसेल तर वाचा. ऑडिओमध्ये शोधत बसू नका, पुस्तक हातात घ्या.)

कारण मी आईला अगदी भक्तिभावानं म्हणालो होतो, "आई, आपण दादाचे पैसे सोडून देऊ." आई शिलाई मशीनवर होती. मशीन न थांबवताच म्हणाली, "तू सोड की. माझ्या गटाचा हप्ता येशू भरणार हाय का?"

मी चिडलो होतो. आता वाटतं, तिचंच बरोबर होतं. पंधरा हजारांचा हप्ता ती दर महिन्याला ब्लाऊज शिवून भरत होती. ते माफ करण्याचा अधिकार माझा नव्हताच.

अजून दोन गोष्टी, कारण कमेंटमध्ये येणारच. माफ केलं म्हणजे पुन्हा मागितले की पुन्हा द्यायचे का? तसं कुठं लिहिलेलं नाही. आणि ज्यानं घेतलेत त्यानं ही गोष्ट देणाऱ्याच्या तोंडावर फेकू नये. लूक एकोणीसमधला जक्कय येशू घरी आल्यावर काय म्हणतो? ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट परत देतो. येशूनं त्याला 'राहू दे' म्हटलं नाही. आणि फोनमधले कॉन्टॅक्ट काढून धमक्या देणाऱ्या लोन अ‍ॅपवाल्यांचा या विषयाशी काही संबंध नाही. त्यांच्यासाठी 1930 वर फोन लावा.

तर मी गंगाखेडला गेलो. फोन न करता. दादा घरीच होता. मला बघून वहिनी आत गेल्या, आणि तो चप्पल शोधायला लागला. मी म्हणालो, "दादा, बस. माझे वीस हजार होते, ते गेले, आता विषय संपला. आईचे पंधरा राहिलेत. ते माझे नाहीत, म्हणून मला सोडता येत नाहीत. जमेल तसे दे, पण फोन उचलत जा."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मावशी लय शिव्या देत असंल ना?"

"देते की," मी म्हणालो.

वहिनींनी चहा आणला. मला वाटलं होतं मन एकदम हलकं होईल. तसं काही झालं नाही. परत येताना एसटीत वीस हजारांत काय काय आलं असतं याचा हिशेब चालूच होता, आणि अजूनही कधीकधी चालतो. ती नोट मात्र मी मोबाईलमधून डिलीट केली. दोनदा, कारण एक कॉपी बॅकअपमध्ये होती.

मागच्या महिन्यात दादानं आईच्या नंबरवर पाचशे रुपये पाठवले. आईनं मला वही आणायला सांगितली आणि लिहून घेतलं: बाकी चौदा हजार पाचशे.